परतीच्या मालाचा प्रश्न

आमच्या जालन्याच्या बियाणे कंपनीत एक नियम होता. तो कुठंच लिहिलेला नव्हता, त्यामुळं कुणी मोडतही नव्हतं. गुढीपाडव्यापासून हंगामाचा पहिला ट्रक गोदामातून निघेपर्यंत परतीच्या मालाचा विषय काढायचा नाही. दुकानदारांकडं गेलेल्या पिशव्यांपैकी न विकलेल्या पोळ्यानंतर माघारी येतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण माल निघायच्या आधी ते बोलणं म्हणजे लग्नाच्या मांडवात काडीमोडाची चौकशी करणं.

नेमक्या त्याच दिवसांत शेठना सॉफ्टवेअर घ्यायची हुक्की आली.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. शेजारच्या रोलिंग मिलवाल्यानं काचेची केबिन करून आत कॉम्प्युटर मांडले होते, आणि ती केबिन आमच्या शेठना रोज गाडीतून दिसायची. हंगामाच्या गडबडीआधी आपल्याकडंही सगळा कारभार मशीनवर पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. गोदाम आणि विक्री यांच्यामध्ये धावणारा माणूस मी. मला बोलावणं आलं.

"निवड तू करायची. चाललं तर तशाच केबिनमध्ये तू बसशील, मॅनेजर म्हणून. न्हाई चाललं, तर तीर्थपुरीचा डेपो रिकामाच हाये."

एका बाजूला एसीची केबिन, दुसऱ्या बाजूला तीर्थपुरीचा पत्र्याचा डेपो. घरी जाऊन बायकोला मी केबिन सांगितली. डेपो गाळला.

दोन पार्ट्या आल्या. पहिली पुण्याची. जालन्याच्या उन्हात टाय बांधलेले तीन जण. त्यांनी भिंतीवर पडदा लावला, त्यावर आमच्या कंपनीचं नाव फिरवलं, नावाभोवती ज्वारीची कणसं डोलवली. शेठ काहीही विचारोत, उत्तर एकच, "होऊन जाईल, सर." त्यांनी स्वतः मात्र एकही प्रश्न विचारला नाही.

दुसरा गावातलाच, तिशीतला, स्कूटरवर आलेला. त्याच्याकडं पडदा नव्हता. आधी तो गोदामात हमालांमध्ये बसून माल कसा येतो, कसा जातो ते बघत राहिला. मग शेठसमोर येऊन त्यानं सरळ विचारलं, "शेठ, सिझन संपल्यावर परत आलेला माल कसा घेता? त्याची उगवण पुन्हा तपासावी लागते. मंग त्याचा हिशोब नव्या मालापासून वेगळा ठेवावा लागंल."



हमालांचे मुकादम, ज्यांना शेठसुद्धा चाचा म्हणायचे, त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. "तौबा! पैली गाडी बी निकली नई, और ये मय्यत का खाना पूछ रा!"

शेठनी चहाचा कप बाजूला सारला. "गाव कोणतं तुझं?"

"जालनाच, शेठ."

"मंग जालन्याच्या माणसाला येवढंबी कळू नये?"

तो गेल्यावर शेठनी त्याच्या खुर्चीवरून नारळ ओवाळून रस्त्यावर फोडायला लावला. मी हळूच म्हणालो, "शेठ, पण त्याचं म्हणणं बराबर आहे."

"बराबर हाये म्हणून काय कधीबी बोलायचं? पुण्याच्यांनी काढलं का तोंडातून? मोठ्या घरची माणसं हायेत ती."

झाली निवड. आणि निवड माझी असल्यामुळं पुण्याच्या कागदावर सही मला करावी लागली.

हंगाम झकास गेला. मी केबिनमध्ये बसलो, बुटांना रोज पॉलिश करू लागलो. बिलं फटाफट छापून निघायची. चाचा काचेबाहेरून बघून मान डोलवायचे.

पोळा झाला, आणि शहागडहून परतीच्या पिशव्यांचा पहिला ट्रक आला. सॉफ्टवेअरमध्ये त्याला जागाच नव्हती. एकदा बिल फाटलं की त्या मालाचा विषय संपला, अशीच त्याची रचना. मी पुण्याला फोन लावला.

"ही गरज तुम्ही सांगितलीच नव्हती, सर. सध्या खरेदी म्हणून टाका, आपण नंतर बघू."

शेठनी मान डोलावली. दुकानदारांकडं न विकता उरलेला माल नवीकोरी खरेदी होऊन आत गेला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर गोदाम गच्च भरलं. ते बघून शेठ असे खूश झाले, की भोकरदनकडं आमच्यासाठी बियाणं पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना त्यांनी निरोप धाडला, यंदा प्लॉट निम्मेच करा.

मी धावत गेलो. "शेठ, यातला कितीतरी माल परतीचा आहे. उगवण तपासलेली न्हाई."

"येवढ्या थाटानं आणलेला कॉम्प्युटर खोटा, अन् तू खरा?"

थंडी सरताना उगवण तपासली. परतीचं बी ओल्या गोणपाटात मेल्यासारखं पडून राहिलं. पाडवा उलटला, दुकानदारांच्या ऑर्डरी आल्या, आणि द्यायला माल नव्हता.

शेठनी सगळ्यांना जमवलं. "हे सॉफ्टवेअर निवडलं कुणी?"

कागद मधोमध ठेवला होता. माझी सही तशी झोकदार आहे.

सांगायला माझ्याकडं एकच वाक्य होतं, आणि त्याची सुरुवातच परतीच्या मालापासून होती. मी तोंड उघडलं. चाचांनी ओठांवर बोट ठेवलं. पाडवा होऊन गेला होता, पहिला ट्रक अजून दारातच उभा होता. सगळी खोली माझ्याकडं अशी बघू लागली, की बुडालेला हंगाम परवडला, पण आता याच्या तोंडून ते निघू नये. स्वतःचा बचाव करणं अपशकून ठरावं, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये. मी तोंड मिटलं.

तीर्थपुरीचा डेपो पत्र्याचाच आहे. जालन्याच्या केबिनमध्ये शेठचा जावई बसतो, आणि परतीचा माल तिथं अजूनही खरेदी म्हणूनच टाकतात. दर साली हंगामाचा पहिला ट्रक माझ्या दारात आला, की मी मुद्दाम रस्त्यावर उतरतो आणि चार माणसांत ड्रायव्हरला मोठ्यानं विचारतो, "काय राव, यातला परत किती न्यायचा?"

तो कानांना हात लावतो. माल निघालेला असतो, नियम संपलेला असतो, तरीही लावतो.