पाणी निवळेपर्यंत

त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. आमच्या शहरात पाण्याच्या दिवशी कुणी फोन उचलत नाही, मीही उचलला नाही. ड्रम भरून झाल्यावर पाहिलं तर विमलच्या भावाचे फोन येऊन गेलेले. मी लावला. "ताई, विमल गेली," एवढंच तो म्हणाला. बरेच महिने अंथरुणाला खिळली होती, बातमी अनपेक्षित नव्हती. तरी मी ओल्या फरशीवर तशीच बसून राहिले... आणि रडू यायच्या आधी मला राग आला. तो अजून गेलेला नाही.

विमल कन्नडकडची. माळावरचं गाव, उन्हाळ्यात टँकर. औरंगाबादेत बी.एस्सी.ला असताना आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. प्राणिशास्त्राची सहल मालवणला गेली तेव्हा आम्ही पहिल्यांदा समुद्र पाहिला. आम्ही सगळ्या पोरी सलवारी भिजवून घेत खिदळत होतो आणि ही मात्र सरांच्या मागं लागली होती, की याच्या तळाशी काय असतं. सर म्हणाले, वाळू असेल, दुसरं काय असणार. तिला ते पटलं नाही. एकदा एखादी गोष्ट पटली नाही की विमलपुढं ब्रह्मदेव आला तरी उपयोग नसायचा.

पुढं किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेत तिला नोकरी लागली, तीही समुद्राच्या तळाची पाहणी करण्याची. गावात टिंगल व्हायची. हापशाला पाणी नाय अन् हिला समुद्राची उठाठेव, असं तिचे चुलते चारचौघांत म्हणायचे. ती हसून सोडून द्यायची. काम ऐकायला सोपं होतं. लोखंडी चौकटीत कॅमेरा आणि दिवे बसवायचे, मच्छीमारांच्या होडीतून दोरानं ती चौकट तळापर्यंत सोडायची आणि काळ्या कापडाखाली डोकं घालून पडद्यावर बघायचं, की खाली कुठं काय जगतंय. जिथं जगणं दाट, ती जागा राखून ठेवा, तिथं जाळी ओढू नका, गाळ उपसू नका, असं मग सरकारला सांगायचं.

एकदा मी हौसेनं तिच्याबरोबर गेले. निम्मा वेळ माझा ओकण्यात गेला. चौकट तळाला टेकली आणि पडदा नुसता तपकिरी झाला, कारण टेकताना गाळ उठतोच. काही दिसेना म्हणून होडीवाला दोर ओढायला लागला. विमल कापडाखालूनच म्हणाली, "थांबा हो दादा. आमच्याकडं टँकरचं पाणीबी कुणी लगेच पीत नाय." तिच्या घरी टँकरचं पाणी ड्रमात पडलं की तिची आई कुणाला हात लावू द्यायची नाही. गाळ खाली बसायचा, तळ दिसायचा, मगच तांब्या बुडायचा. पोरीनं तीच शिस्त समुद्राला लावली होती. आम्ही थांबलो. बराच वेळ काहीच झालं नाही... आणि मग हळूहळू पडद्यावर जांभळी, पिवळी, पंख्यासारखी पोवळी उभी राहिली. त्यांच्यातून मासे निवांत ये-जा करत होते. मी ओकायचं विसरले. विमलनं ते याआधी कितीदा पाहिलं असेल, तरी ती नाक पुसत होती.

ती जागा वाचवणं हा मग तिचा ध्यासच झाला. पण मोठ्या जहाजांसाठी वाट खोदायची होती, ती नेमकी तिथूनच. वरच्या लोकांनी तिच्या चित्रीकरणावर शंका काढली आणि भाड्याची माणसं आणून दुसरी पाहणी करवून घेतली. कॅमेरा टेकला की फोटो, फोटो निघाला की कॅमेरा वर. सगळे फोटो तपकिरी. तळाला निव्वळ चिखल आहे, जपण्यासारखं काही नाही, असा अहवाल झाला. बैठकीत विमलनं एकच विचारलं, की कॅमेरा खाली किती वेळ ठेवला होता. खोदाईला परवानगी देणाऱ्या समितीच्या साहेबांनी चहा मागवला आणि पुढचा विषय घेतला. यथावकाश खोदाई झाली.

खोदाईनंतर ती कुणालाही न विचारता एकदा होडी घेऊन गेली आणि त्याच जागी तिनं कॅमेरा सोडला. परत आली ती थेट माझ्याकडं. "लई वेळ थांबले, कुंदा," ती म्हणाली, "पाणी निवळलं. खाली चिखलच हाय. आता त्यांचा अहवाल खरा झाला बघ." नोकरी सोडून ती इथल्या कॉलेजात शिकवायला लागली. समुद्राचा विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जायची. माणूस दुखण्यानं मरतो हे मला कळतं, पण विमलला त्या तपकिरी फोटोंनी आधीच अर्धं मारलं होतं, असंच मी म्हणणार.

शोकसभेला तेच साहेब आले होते. आता निवृत्त आहेत, भाषणं चांगली करतात. विमलताईंनी आम्हाला समुद्राचा तळ बघायला शिकवलं, असं ते गहिवरून म्हणाले. मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, कॅमेरा खाली किती वेळ ठेवला होता?" सभागृहात चुळबुळ झाली. ही वेळ नव्हे ताई, असं ते सौम्यपणे म्हणाले. मग कोणती, असं मी विचारेपर्यंत सूत्रसंचालकानं सगळ्यांना श्रद्धांजलीसाठी उभं केलं. मी शोभा केली असं लोक म्हणतात. केली असेल.

तिची ती लोखंडी चौकट तिनं शेवटपर्यंत जपली होती. घरात पाण्याचा ड्रम तिच्यावरच ठेवलेला असायचा. भाऊ ती भंगारात घालणार होता, मी रिक्षात टाकून घरी आणली. आता माझा ड्रम तिच्यावर आहे. परवा पाणी आलं, नेहमीसारखंच गढूळ. सून कळशी घेऊन आली, तिला मी म्हटलं, थांब, तळ दिसू दे. अजून किती वेळ, असं तिनं विचारलं. स्वयंपाक खोळंबला होता, पोरांची शाळेची वेळ झाली होती. तिनं तोंड वाकडं केलं, पण कळशी कडेवर घेऊन ती थांबली. तेवढंसुद्धा त्या लोकांना जमलं नाही.