नारळाचं पाणी आणि हेडलाइट

आमच्या जुन्या गाडीचे हेडलाइट महिन्या-दोन महिन्यांनी बंद पडायचे. मी रोज जयसिंगपूरला शाळेत शिकवायला जाते. दिवस मावळल्यावर पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून कोल्हापूर गाठायचं, असं तीनदा झालं. बल्ब बदलले, फ्यूज बदलले. चौथ्यांदा वायरमन मिस्त्रींना घरीच बोलावलं आणि म्हटलं, "आता नाही जमलं तर गाडी विकते."

गाडी सासऱ्यांनी घेतलेली. डोळ्यांमुळे त्यांचं चालवणं सुटलं होतं, पण गाडीची पूजा तेच करायचे. विकायचं ऐकून ते काठी टेकत बाहेर आले.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. बॅटरीजवळची अर्थिंगची वायर गंजून हिरवी पडली होती. "हितं पाणी कोण ओततंय?"

"साधं पाणी न्हाय, नारळाचं हाय," सासरे अभिमानानं म्हणाले. "दर अमावास्येला इंजिनाला देतो की!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मिस्त्रींनी मला नजरेनंच थांबवलं. "आजोबा, इंजिनाचं पोट भरलं. चाकं बिचारी उपाशी हायत. आता त्यास्नी पाजा." आणि वायर बदलून ते गेले.

तेव्हापासून नारळ चाकांपाशी फुटतो. चौथ्या अमावास्येला सासऱ्यांनी मला दिवे लावून दाखवायला सांगितलं. दोन्ही लख्ख लागले.

"बघ, चाकांचंच राह्यलं हुतं."

"व्हय मामा," मी म्हटलं. गाडी विकायचं पुन्हा काढलं नाही.