स्टेपनी बदलायला शिकताना

चोपन्नाव्या वर्षी अरुंधती गाडीचं चाक बदलायला शिकत होती. गाडी चालवायचाच तिला मुळात कंटाळा. जर्मनीतल्या येनामध्ये ट्राम होती, ऑफिस ट्रामच्या वाटेवर होतं, आणि लांबचं काही असलं की नवरा, श्रीधर, चालवायचा. पुण्याहून इथं आल्यापासून हे असंच चाललं होतं.

मग श्रीधरला पार्किन्सन्स झाला. हात थरथरायला लागले तसं त्यानं गाडी चालवणं सोडलं. कोणी सांगायच्या आधी, आपणहून. सोडला नाही तो एकच हट्ट. कॅनडाच्या अगदी उत्तरेला जाणारा डेम्पस्टर हायवे, शेकडो किलोमीटर नुसती खडी, त्याला आयुष्यात एकदा बघायचा होता. दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. कधी मुलीची परीक्षा, कधी आईचं आजारपण. या वर्षी डॉक्टरांच्या खोलीबाहेर तो म्हणाला, "तू चालव. मी शेजारी बसतो." आणि तिच्या तोंडून हो निघून गेलं.

त्या होकाराचं आता रोजचं काम झालं होतं. दिवसभर लॅबमध्ये भिंगं तपासून डोळे चुरचुरत. घरी येऊन तिनं जेमतेम चहा घेतला, की श्रीधर जाकीट घालून तयार. इमारतीमागच्या पार्किंगमध्ये तो फोल्डिंगच्या खुर्चीत बसायचा आणि ती गाडीशी गुडघे टेकायची. तिकडची खडी धारदार, टायर हमखास फाटतो, मदत कधी येईल सांगता येत नाही. म्हणून दोन स्टेपन्या न्यायच्या आणि चाक आपलं आपण बदलायचं.

"जॅक नंतर. आधी नट सैल कर," श्रीधर म्हणाला.

"काल सांगितलंस."

"मग आज परत जॅक आधी का लावलास?"

तिनं जॅक उतरवला, पान्यावर पाय ठेवून सगळं वजन टाकलं. नट हलला नाही. तेवढ्यात बॉनहून ईप्सिताचा फोन आला. मुलगी नेहमीप्रमाणे जर्मनमध्येच बोलली. आई, हे करायलाच हवं का? अरुंधतीनं मराठीत उत्तर दिलं, "नंतर बोलते गं, हात काळे झालेत."

एका शनिवारी ते गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत गेले. तिथं एक क्लब लोकांना खडीवर गाडी चालवायचा सराव करू द्यायचा. चाकं घसरत होती, खालून दगड ताडताड आपटत होते. श्रीधर सतत बोलत होता. ब्रेक दाबू नकोस. उजवीकडे घे. स्टिअरिंग इतकं घट्ट धरू नकोस. त्याच्या बाजूला ब्रेक नव्हता, तरी त्याचा उजवा पाय तो दाबत होता. वळणावर गाडी तिरकी सरकली, थांबली, आणि अरुंधतीनं इंजिन बंद केलं.

"काय झालं?"

"दमले मी, श्रीधर."

"पाच मिनिटं थांबू."

"आजची नाही दमलेले."

तो काचेतून समोर बघत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं, तुलाही बघायचाय तो रस्ता."

"तुला नाही म्हणवलं नाही मला. एवढंच."

त्याचा हात मांडीवर थरथरत होता. त्यानं दुसऱ्या हातानं तो दाबून धरला. "रद्द करून टाकू," तो म्हणाला, आणि त्याला ते खरंच म्हणायचं होतं.

अरुंधतीला वाटलं होतं, हे ऐकून हायसं वाटेल. तसं वाटलं नाही. रद्द केल्यावरच्या संध्याकाळी तिला दिसल्या. तो खिडकीशी, ती ओट्याशी, आणि दोघांकडे बोलायला फक्त औषधं.

"रद्द नको," ती म्हणाली. "पण शेवटपर्यंत जायचं नाही. मी जिथं थांबेन तिथून मागे फिरायचं. आणि मी विचारल्याशिवाय तू गाडीत बोलायचं नाहीस."

"अजिबात?"

"अजिबात."

"चालेल," तो म्हणाला. जरा वेळानं पुन्हा म्हणाला, "चालेल."

जुलैत ते कॅनडाला गेले. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी पाऊस लागला आणि खडीवर शेवाळ्यासारखा बुळबुळीत चिखल झाला. डोंगरांची पहिली रांग ओलांडल्यावर पुढं नुसतं झाडं नसलेलं तपकिरी पठार पसरलं होतं आणि त्यातून रस्ता सरळ निघून गेला होता. अरुंधतीनं कडेला गाडी घेतली. तिचे खांदे दगडासारखे झाले होते.

"इथूनच," ती म्हणाली.

श्रीधरनं मान हलवली. मग मला खाली उतरव म्हणाला. तिनं त्याला दंडाला धरून उतरवलं. पावसात दोघं उभे राहिले. तो पुढच्या रस्त्याकडे बघत होता, आणि ती, तो किती वेळ उभा राहू शकेल याचा अंदाज घेत होती.

"थंडी वाजतेय तुला," तिनं म्हटलं.

"थोडी."

तरी ती घाई न करता त्याचा दंड धरून उभी राहिली.