जावयाची आंघोळ

आमच्या चिकलठाण्याच्या शेडमध्ये पंखे तीन, आणि त्यातले दोन बंद. त्यामुळे नव्या यांत्रिक हातासाठी मी काचेची खोली आणि एसी बसवला, तेव्हा मामांनी त्याचं नाव लगेच जावई ठेवलं. "आला, बसला, गार वारं खातोय," ते म्हणाले. "चहा कवा घेतो, तेबी इचारा."

मामा म्हणजे आमच्या पॉवर प्रेसवरचे सगळ्यात जुने कामगार, मूळचे वैजापूरकडचे. पत्रा हाताने प्रेसखाली सरकवायचा, पायाने पेडल दाबायचं, दुचाकीच्या स्टँडची पट्टी बाहेर काढायची, हे त्यांचं काम. वडील गेल्यावर शेड माझ्याकडे आली. तिच्याबरोबर मामाही आले, मला कारखान्यातलं काही कळत नाही या त्यांच्या ठाम मतासकट.

जावई नेमकं मामांचंच काम करणार होता. त्याच्या किमतीतला मोठा वाटा सरकार अनुदान म्हणून देणार होतं. अट एवढीच, की साहेब येऊन यंत्र चालताना स्वतः बघणार. नाही चाललं तर फाईल परत, आणि मग जावयाला पोसायची माझी ऐपत नव्हती.

अर्जात एक रकाना होता : यंत्रामुळे कमी झालेले कामगार. फाईल करून देणारा सल्लागार म्हणाला, "तीन लिहा मॅडम, वजनदार दिसतं." मी तो तसाच रिकामा ठेवला. अर्जाची झेरॉक्स काढायला मामा गेले होते आणि हातात पडलेला कागद न वाचता परत द्यायची त्यांना सवय नाही.

"ताई, त्या रकान्यात मी हाय का?" त्यांनी येऊन विचारलं.

"मामा, डोकं खाऊ नका," मी म्हणाले. खरं सांगायचं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलं की मी ओरडते.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे यंत्रांची पूजा मामाच करतात आणि हात राखून करत नाहीत. लेथला कुंकू, ड्रिलला कुंकू, वजनकाट्याला कुंकू, प्रथमोपचाराच्या पेटीलाही कुंकू. जावयाला झेंडूचा हार आणि लिंबू-मिरची जादा. पूजलेल्या यंत्राला दसरा होईपर्यंत कुणी हात लावत नाही, त्यामुळे चाचणी घ्यायचा प्रश्नच नव्हता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब हजर.

त्यांना चहा दिला आणि मी हिरवं बटण दाबलं. जावई वीतभर उठला, थांबला आणि लाल दिवा लावून बसला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना पुढं जालना रोडवर दुसरी पाहणी होती.

आम्ही हार काढला. लिंबू-मिरची काढली. वेल्डरने जावयाच्या पाठीत एक थाप दिली, कारण आमचा कॉम्प्रेसर तसाच सुरू होतो. शेवटी मी पुण्याच्या तंत्रज्ञाला व्हिडिओ कॉल लावला.

"मॅडम," तो म्हणाला, "सेन्सरवर लाल काय आहे?"

सेन्सर म्हणजे जावयाचा डोळा. पंजाच्या वर मधोमध एक गोल चकचकीत काच, समोर पत्रा आहे का हे त्याला तिथून दिसतं. मामांना ते कपाळ वाटलं होतं. तेलात कालवलेलं कुंकू त्यांनी तिथं अंगठ्याने दाबून भरलं होतं, वर अक्षता.

"पुसून टाका ना," तंत्रज्ञ म्हणाला.

वेल्डर दोन पावलं मागे सरला. मी फडकं उचललं खरं, पण हात पुढे जाईना. मी डिप्लोमा केलेली बाई, असलं काही मानत नाही असं सगळ्यांना सांगत फिरते; पण पूजेचं कुंकू, तेही सणाच्या दुसऱ्या दिवशी, पुसायचं? मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी हात पाठीमागे बांधून घेतले. "हे आमच्या कामात येत नाही," ते म्हणाले.

मामा जावयाच्या कपाळाकडे बघत उभे होते. म्हाताऱ्याने मुद्दाम केलं, रकान्याचा राग काढला, असं माझ्या मनात आलंच.

"पुसायचं कशापायी?" मामा म्हणाले. "आंघूळ घालू." आणि तांब्या घ्यायला निघाले.

"पाणी नको!" फोन किंचाळला. "वॉरंटी जाईल!"

"वरडू नको, लेकरा. बोळ्यानं घालतो."

त्यांनी पेटीतून कापूस आणि स्पिरिट घेतलं, आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत जावयाला इतक्या मायेने आंघोळ घातली की मला माझ्या संशयाची लाज वाटली. काच लख्ख झाली. मग नवं कुंकू कुठं लावायचं यावर वाद झाला. तंत्रज्ञ म्हणाला, पायाशी लावा. मामा म्हणाले, "पायाला कुंकू लावत्यात व्हय, येड्या?" शेवटी खांद्यावर ठरलं.

मी बटण दाबलं. जावयाने पत्रा उचलला, प्रेसखाली ठेवला, बाजूला झाला. प्रेस धाडकन खाली आला. जावयाने पट्टी काढून ट्रेमध्ये टाकली आणि दुसरा पत्रा उचलला. साहेबांनी फोटो काढला, हार परत घालायला लावून.

मग त्यांनी अर्ज उघडला. "हा रकाना रिकामा आहे. कामगार किती कमी झाले?"

मामा कापसाचा बोळा निरखून बघत होते.

"शून्य," मी म्हणाले. ओरडूनच म्हणाले.

"शून्य? मग मशीन घेतलं कशाला?"

उत्पादन, दर्जा, सगळं पाठ केलं होतं. ते म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात मामांनी डावा हात वर केला. त्या हाताची दोन बोटं निम्मीच आहेत. बाकीची निम्मी माझ्या वडिलांच्या काळात याच प्रेसखाली गेली.

"साहेब, दुसरा रकाना नाय का?" त्यांनी विचारलं. "बोटं किती वाचली, ते लिव्हायला?"

साहेबांनी अर्ज उलटून मागची बाजूही प्रामाणिकपणे पाहिली. "नाही," ते म्हणाले, आणि पेन काढून शून्य लिहिलं.

अनुदान यायचं तेव्हा आलं. जावयाला आता मामाच चालवतात. सकाळी बोळ्याने त्याची आंघोळ होते, मग ते बटण दाबतात आणि एसीत खुर्ची टाकून बसतात. प्रेस दिवसभर धाडधाड खाली येतो, आणि मामांचे दोन्ही हात मांडीवर असतात.