डॅरिल ट्रेगेन्झा सहकुटुंब लाल मातीत

कडायना गावात फरशीचं दुकान चालवणाऱ्या डॅरिल ट्रेगेन्झाला जगातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट समजावून सांगता येई. समोरच्यानं विचारलंच पाहिजे, असा त्याचा आग्रह नसे. टपाल घेऊन येणाऱ्या बाईला तो मोटारसायकल कुठल्या गियरमध्ये ठेवावी ते सांगे. रविवारी सासुरवाडीला गेला की, उभं आयुष्य गहू पिकवण्यात घालवलेल्या सासऱ्याला पाऊस कधी पडेल ते सांगे. सासरा "हो का?" म्हणून भाजलेल्या मेंढीचा आणखी एक तुकडा वाढून घेई.

असा हा सुखी माणूस बिघडला तो बहिणीच्या नवऱ्यामुळे. केल्विन गाडीमागं ओढायची कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन देशाच्या मधोमध जाऊन आला आणि सबंध संध्याकाळ त्यानं भिंतीएवढ्या टीव्हीवर फोटो दाखवले. केल्विनची मुलं लाल टेकडीवरून उड्या मारताहेत. केल्विन शेकोटीपाशी विचारात पडलाय. घरी परतताना गाडीत डॅरिल बराच वेळ बोलला नाही. बायकोनं, रॉझलिननं, त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"आपल्या पोरांचं बालपण फोनच्या पडद्यात चाललंय," तो एकदाचा म्हणाला. "त्यांना माती लागली पाहिजे. तारे दिसले पाहिजेत."

"तारे आपल्या मागच्या अंगणातूनही दिसतात, डॅरिल. तू तो मोठा दिवा बंद केलास तर."

पण आता तारे लांब जाऊनच बघायचे ठरले होते. साधं, निसर्गाला धरून जगता यावं म्हणून डॅरिलनं कॅरॅव्हॅन आणली ती घराच्या ओसरीहून लांब निघाली. तिच्यात ओव्हन होता, कपडे धुण्याचं यंत्र होतं, कॉफीचं यंत्र होतं, आणि निसर्गाचा कंटाळा आला तर छतातून खाली उतरणारा टीव्ही होता. शेजाऱ्यांच्या लिंबाच्या झाडाच्या दोन फांद्या तोडल्याशिवाय ती आवारात शिरेना. फांद्या का तोडाव्या लागतात, ते डॅरिलनं शेजाऱ्यांना समजावून सांगितलं.

हिवाळ्याच्या सुट्टीत निघायचं ठरलं. बारा वर्षांच्या ब्रायोनीचा फोन खणात कुलूपबंद झाला. "मला माझ्या मनाविरुद्ध नेताहेत," तिनं शेवटच्या क्षणी सगळ्या मैत्रिणींना कळवून टाकलं होतं. धाकट्या अँगसचा एकच प्रश्न होता, "तिथं साप असतात ना, बाबा? नक्की असतात ना?"

पहिल्या मुक्कामालाच डॅरिलला कळलं की कॅरॅव्हॅन पुढं न्यायला कुणीही नेईल, माणसाची परीक्षा तिला मागं घेताना होते. कॅरॅव्हॅनच्या तळावर संध्याकाळी निवृत्त मंडळी घडीच्या खुर्च्या टाकून, हातात बियरचे डबे घेऊन बसतात. सूर्यास्त बघायला बसलोय असं ती सांगतात. खरं तर नव्यानं आलेल्यांचे संसार मागं घेताना कसे मोडतात, ते बघायला बसलेली असतात.

रॉझलिन मागं उभी राहून हात हलवू लागली. "डावीकडं! अरे, तुझ्या नाही, माझ्या डावीकडं!"

"तुझी डावी, माझी डावी, असं नसतं, रॉझ! डावी एकच असते!"

"मग ती कुठली ते तूच ठरव!"

कॅरॅव्हॅन आधी पाण्याच्या नळावर गेली, मग एका बाईच्या वाळत घातलेल्या टॉवेलांवर, मग गाडीशी काटकोन करून ठप्प उभी राहिली. ब्रायोनी मागच्या सीटवर पायांपाशी लपून बसली. क्लेम नावाचे एक म्हातारे गृहस्थ चप्पल फटफटवत खिडकीशी आले. "घाई करू नकोस, दोस्ता," ते प्रेमानं म्हणाले. "आमचं अजून जेवण व्हायचंय." शेवटी खुर्च्यांवरची सगळी मंडळी उठली, कॅरॅव्हॅन गाडीपासून सोडवली आणि गुडघेदुखीच्या तक्रारी करत हातांनी ढकलून जागेवर लावली. त्या रात्री डॅरिलनं मुलांना चुलीवरचे सॉसेज वाढताना समजावलं की जमीन उताराची होती.

त्यानंतर तो जिथं एका बाजूनं आत शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडता येईल अशाच जागा शोधू लागला. त्यापायी दोन सुंदर झरे आणि एक दरी बघायची राहिली, कारण तिथं गाडी मागं घ्यावी लागली असती. "त्यात बघण्यासारखं काही नाही," तो म्हणे.

मग डांबर संपलं. डांबर संपतं तिथं थांबून डॅरिलनं सगळ्यांना खाली उतरवलं आणि भाषण केलं. ही जमीन कुणाला माफ करत नाही. इथं माणसानं नम्र राहिलं पाहिजे. पाणी, इंधन, टायर. विशेषतः टायर. अशा रस्त्यावर टायरमधली हवा कमी केली नाही तर धक्क्यांनी गाडीचा खुळखुळा होतो. अँगसनं मध्येच एमू दिसला म्हणून आरडाओरडा केला, सगळे एमूकडं धावले, परत येऊन गाडीत बसले आणि निघाले. हवा होती तेवढीच राहिली.

तो रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा होता. दिवसभर दात वाजले. रॉझलिननं दोनदा विचारलं, "हे असंच व्हायचं असतं का?" आणि दोन्ही वेळा डॅरिल म्हणाला, "हाच तर खरा अनुभव." दुपारी उशिरा थांबून त्यांनी कॅरॅव्हॅनचं दार उघडलं. आत सगळी कपाटं उघडली होती. पीठ, मध, कपड्यांची साबणपूड आणि पाण्याची फुटलेली टाकी यांनी एकमेकांशी ओळख करून घेतली होती. त्यावर लाल धुळीचा थर बसला होता. कॉफीचं यंत्र जमिनीवर पालथं पडलं होतं.

"बाबा," अँगस आदरानं म्हणाला, "आपलं घर फेसाळलंय."

रॉझलिन पायरीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिला रडू आलं, तेव्हा डॅरिलनं तोंड उघडलं. ब्रायोनी म्हणाली, "बाबा, प्लीज. आत्ता काही समजावू नकोस." आणि आश्चर्य म्हणजे तो गप्प बसला.

मग अशा भागात पाऊस आला जिथं अँगसच्या वयाच्या कित्येक पोरांनी तो पाहिलाच नव्हता. आभाळ जांभळं झालं, लाल मातीचा गारा झाला, आणि कशीबशी घसरत घसरत गाडी मलिगन बोअर नावाच्या ठिकाणी पोचली. तिथं एक पेट्रोलचा पंप होता, एक खाणावळ होती, जमिनीतून उकळतं पाणी वर आणणारी खोल विहीर होती आणि या सगळ्याची मालकीण नोरीन होती. पोलिसांनी रस्ता दोन्हीकडून बंद केला. आधीच अडकलेल्या तीन-चार कॅरॅव्हॅनवाल्यांत क्लेमही होते. डॅरिलला पाहून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी खुर्ची काढली.

"ए राजा!" नोरीननं ओसरीतून डॅरिलला हाक मारली. "तिथं ठेवू नकोस. ओढ्याला पूर येतोय. वरती शेडच्या आणि टाकीच्या मध्ये मागं घेऊन लाव. पटापट!"

शेड आणि टाकी यांच्यामधली जागा एवढी होती की कॅरॅव्हॅन जाईल, आणि सोबत फार तर एक सडपातळ माणूस. डॅरिलनं स्टीअरिंग हातात धरलं. पाऊस काचेवर आपटत होता. पुढं गेला, मागं आला, पुढं गेला. टाकी जवळ आली तशी त्यानं गाडी बंद केली.

"मला येत नाही, रॉझ," तो म्हणाला. लग्नानंतर हे वाक्य तिनं प्रथमच ऐकलं असावं, कारण तिनं आधी मागं वळून दुसरं कुणी बोललं का ते पाहिलं.

"सरक," ती म्हणाली.

ती स्टीअरिंगपुढं बसली. आरशात बघितलं, स्टीअरिंग उलटं फिरवलं, सुलटं केलं, आणि ते आख्खं धूड एका दमात, न थांबता, शेड आणि टाकीच्या मधोमध जाऊन बसलं. क्लेमनी बियरचा डबा खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

डॅरिल बाजूला बसून तिच्याकडं पाहत होता. "तू हे कुठं शिकलीस?"

"शेतावर. गव्हाची ट्रॉली मागं घेत घेतच मोठी झाले मी."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"मध्ये जागा कुठं होती, डॅरिल?"

पाऊस ओसरला तरी रस्ता वाळेना. दोन्ही मुलं सकाळी चिखलात जात ती संध्याकाळी विटकरी रंगाची होऊन परत येत. अंड्यासारख्या वासाच्या गरम पाण्याच्या ओहोळात बसून ब्रायोनी क्लेमना पत्त्यांत हरवायची. कुलूपबंद खणाची तिला आठवण झालेली दिसली नाही, आणि कुणी करूनही दिली नाही. रॉझलिन नोरीनबरोबर मटणाचे पॅटिस भाजत होती आणि दोघी कशाला तरी मोठमोठ्यानं हसत होत्या. डॅरिल जवळ गेला की त्या गप्प होत.

डॅरिलची कुणालाच गरज नव्हती. त्यानं क्लेमना टायरच्या हवेबद्दल सांगायला सुरुवात केली, पण स्वतःच्याच टायरांकडं नजर गेली आणि वाक्य अर्ध्यावरच सोडलं. तो टॉवेल घेऊन न्हाणीघराकडं गेला, आणि दारातच थबकला.

आदल्या उन्हाळ्यात कुणा कारागिरानं तिथं भिंतींना फरशी बसवायला घेतली होती आणि अर्ध्यावर टाकून तो पळाला होता. बसवलेली अर्धी भिंत अशी होती की रेघा उजवीकडं जाताना उतरत होत्या, मध्येच दमून थांबत होत्या आणि कोपऱ्यात एकमेकींवर चढत होत्या. उरलेल्या फरश्यांची खोकी आणि चिकटवायच्या चुन्याची पोती शेडमध्ये कोरडी ठणठणीत पडून होती. डॅरिल आंघोळ न करताच बाहेर आला. दुसऱ्या दिवशी तो परत जाऊन ती भिंत बघून आला. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यानं काटा खाली ठेवला.

"नोरीन, ती भिंत कुणी केली?"

"का रे राजा? छान नाही?"

"नोरीन," डॅरिल खुर्ची मागं सारून उठला, "तुझ्याकडं छिन्नी आहे का?"

घरापासून इतक्या लांब, तारे बघायला आलेल्या माणसानं पुढचे सगळे दिवस फरशीपुढं गुडघे टेकून घालवले. जुनी भिंत उतरवली. ब्रायोनी चुना कालवायला आली ती तिथंच राहिली. "फार पातळ नको," तो सांगे, "फावड्यावरून घसरला पाहिजे, पण नाइलाजानं." ती हसे आणि पुन्हा विचारी, "मग दोन फरश्यांमध्ये फट का ठेवायची?" आपल्याला कुणी प्रश्न विचारलाय हे कळायला डॅरिलला एक क्षण लागला. उत्तर त्यानं फार थोडक्यात दिलं, न जाणो तिचं लक्ष उडालं तर. अँगसला फरश्या पुसायचं काम होतं. तो प्रत्येक फरशीच्या मागं साप आहे का ते बघून मगच पुसायचा.

रस्ता उघडला त्या सकाळी बाकीच्या सगळ्या कॅरॅव्हॅन निघाल्या. सुट्टी संपत आली होती. पुढं देशाच्या मधोमध जायचं तर दिवस पुरणार नव्हते, आणि माघारी फिरायचं तर केल्विनला काय सांगायचं, हा प्रश्न होता. रॉझलिननं तो मांडलाही. डॅरिल गुडघ्यावर बसून फरश्यांमधल्या फटी भरत होता. "केल्विनला काय वाटायचं ते वाटू दे," तो मान वर न करता म्हणाला. "ही ओळ आज पुरी झाली पाहिजे." रॉझलिन थोडा वेळ त्याच्या पाठीकडं बघत उभी राहिली, मग चहा आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी निघायची वेळ झाली तेव्हा रॉझलिन स्टीअरिंगपुढं बसली होती, मुलं पट्टे लावून मागं बसली होती, आणि डॅरिलचा पत्ता नव्हता. तो न्हाणीघराच्या दारात हात पसरून उभा होता. समोर गुरांचा मोठा ट्रक घेऊन आलेला एक चालक खांद्यावर टॉवेल टाकून उभा होता. त्याच्या भुवयांवरही धूळ होती.

"उद्यापर्यंत नाही," डॅरिल त्याला सांगत होता. "चुना ओला आहे."

"अरे बाबा, मी आठवडाभर अंघोळ केलेली नाही."

"मग आणखी एक दिवस कळायचा नाही तुला. ओहोळ आहे ना तिकडं, गरम पाणी आहे. जा."

चालकानं नोरीनकडं पाहिलं. नोरीननं खांदे उडवले. तो शिव्या देत ओहोळाकडं निघाला. डॅरिलनं भिंतीवर एकदा तळहात फिरवला, दाराला दोरी बांधली, गाठ ओढून पाहिली आणि गाडीत येऊन बाजूच्या सीटवर बसला.

"झालं?" रॉझलिननं विचारलं.

"झालं. गाडी तू घे," तो म्हणाला, आणि त्यानं पट्टा लावला.