शालनताईंचं नाव मी घेतलं

हे आईला माहीत नाही, नवऱ्याला नाही, ऑफिसात तर कुणालाच नाही. आज तुम्हाला सांगतेय. का, ते विचारू नका.

आधी एक स्पष्ट करते. चांगला फुटपाथ उखडायचा निर्णय माझा होता, आणि त्याची मला लाज वाटत नाही. अजिबात नाही.

मी सरकारी इंजिनिअर, रस्ते-गटारांची कामं बघते. लॉकडाऊन नुकताच सैल झाला होता. इमारती अर्धवट उभ्या, बिल्डरांनी हात वर केलेले. काळेवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळी मजूर येऊन थांबायचे – गवंडी, सेंट्रिंगवाले, बिगारी – आणि दुपारी तसेच घरी जायचे. माझे वडील कंपनीत कामगार होते. कंपनी बंद पडल्यावरही ते डबा घेऊन बाहेर पडायचे. दिवसभर कुठं बसायचे, हे आम्ही त्यांना कधी विचारलं नाही. म्हणून जेव्हा वरून आदेश आला – बांधकाम धंदा बसलाय, सरकारी कामं काढा, लगेच सुरू होतील अशीच काढा – तेव्हा त्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

माझ्यापुढं दोन कामं होती. चिखलीतल्या एका वस्तीची ड्रेनेज लाइन, आणि तिथून जवळच मोठ्या रस्त्याचा फुटपाथ. लाइन गरजेची होती, त्यात वादच नाही. पण ती एका खासगी जागेतून जायची होती आणि जागेचा मालक कोर्टात गेलेला. कधी सुरू झाली असती? फुटपाथ त्याच आठवड्यात सुरू होत होता. काही ब्लॉक हलले होते, एवढंच. मी वर कळवलं – फुटपाथ पूर्ण खराब.

लोक हसले. मोबाइलवर व्हिडिओ फिरले, जनतेचा पैसा मातीत म्हणून. मातीत? त्या पैशावर चुली पेटल्या, राव. ज्यांना घरबसल्या पगार मिळत होता त्यांनी खुशाल हसावं. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा उखडेन.

इथवर ताठ मानेनं बोलता येतं. पुढं –

शालनताई त्या वस्तीतल्या. लातूरकडच्या. घरी मशीनवर ब्लाऊज शिवायच्या. लाइनसाठी ऑफिसात खेटे घालायचे ते त्यांनीच. बाकीच्या बायका ओरडायच्या, ह्या खालच्या आवाजात म्हणायच्या, "मॅडम, घाण पाणी घरात शिरायलंय हो." नवरा गवंडी. फुटपाथवर त्यालाही काम लागलं, मुकादमानं इतरांसारखाच उचललेला. मी साइटवर त्याला ओळखलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण मी ते विसरले नव्हते.

पावसाळ्यात वस्तीत पाणी शिरलं. शालनताईंच्या घरातही. लोकांनी मला समाजमंदिरात बोलावलं. तिथं मला सगळे 'आपली पोरगी' म्हणायचे – कामगाराची मुलगी, शिकून साहेब झालेली. ते ऐकायला मला किती आवडायचं, काय सांगू?

एकजण उठून म्हणाला, "फुटपाथाला पैसं हायती, आमच्या लाइनला न्हाईत. ठरवलं कुणी हे?"

उत्तर एका शब्दाचं होतं. मी. कारणंही तयार होती, आत्ता तुम्हाला सांगितली तीच. काय झालं असतं? चिडले असते, बोलले असते. मारणार तर नव्हते. पण 'आपली पोरगी' गेली असती.

मी म्हणाले, "शालनताईंशी बोलूनच ठरवलं. त्याच म्हणाल्या, आधी माणसांना काम लागू द्या, लाइन मागनं बघू."

सगळ्या माना त्यांच्याकडं वळल्या. शालनताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "मी कधी म्हणले, मॅडम?"

"विसरलात का, ताई? ऑफिसात नाही का बोललो आपण?"

मागून एक बाई म्हणाली, "म्हणून नवरा लागला व्हय फुटपाथावर."

तेवढं पुरलं. ते मी बोलले नव्हते – असं मी स्वतःला कितीतरी दिवस सांगत राहिले. पण तिथं इतक्या बायका असताना माझ्या तोंडी शालनताईंचंच नाव का आलं? नवरा कामावर होता म्हणून. लोकांना पटेल, हे मला बोलतानाच कळलं होतं.

मग बायकांनी त्यांच्याकडं ब्लाऊज टाकणं बंद केलं. नवऱ्यानं फुटपाथचं काम अर्ध्यावर सोडलं, रोज टोमणे कोण ऐकणार? ज्यांच्यासाठी फुटपाथ उखडला म्हणून मी मिरवते, त्यातलाच हा एक. दोघं महाळुंग्याला भाड्याच्या खोलीत राहायला गेली.

पुढं कोर्टाचा निकाल लागला, लाइन झाली. वस्तीनं माझा सत्कार केला. बोलणारा म्हणाला, शालननं अडवलेलं काम मॅडमनी करून दाखवलं. मी शाल घेतली.

मागच्या वर्षी महाळुंग्यात रस्ता रुंद करायचं काम माझ्याकडं आलं. एका कंपनीच्या गेटातून शालनताई बाहेर पडल्या. कँटीनमध्ये पोळ्या लाटतात म्हणे. त्याच जवळ आल्या.

"बऱ्या आहात का, मॅडम?"

"हो."

"लाइन झाली म्हणं."

"झाली."

"मग पाणी येत नसंल आता घरात."

"नाही येत."

"बरं झालं," म्हणाल्या आणि कंपनीच्या बसकडं गेल्या. बसमध्ये चिखलीच्या त्याच वस्तीतल्या बायका होत्या, त्यातल्या दोघी मला ओळखत होत्या. शालनताई त्यांच्यापासून लांब, पुढच्या सीटवर एकट्या बसल्या. बस थांबलेलीच होती. दोन पावलं जाऊन त्या बायकांना खरं सांगता आलं असतं. मी रोलरवाल्याला हात केला आणि काम सुरू करायला सांगितलं.

शालनताई तसं काहीच म्हणाल्या नव्हत्या. मी खोटं बोलले.