झेंडूचा हार आणि जिराफ

"मी वाचलंय सगळं."

गुरुदत्त कानिटकरांचं हे वाक्य सुनंदाबाई शेहेचाळीस वर्षं ऐकत होत्या. कॅनडात, विनिपेगच्या पहिल्या हिवाळ्यात इंजिन गरम ठेवायची वायर भिंतीतल्या प्लगला तशीच ठेवून गुरुदत्तांनी गाडी काढली. वायर तुटली, प्लग भिंतीतून बाहेर आला, आणि उणे तीसच्या थंडीत हातात वायरचं टोक धरून हे गृहस्थ म्हणाले, "मी वाचलंय सगळं." माणूस पुलांचा इंजिनिअर. नद्यांवरची त्यांची गणितं कधी चुकली नाहीत. जे चुकायचं ते घरी.

निवृत्त होऊन दोघं वॉटर्लूला मुलाजवळ आले आणि गुरुदत्तांना आफ्रिकेनं झपाटलं. तिथल्या जंगलात स्वतः गाडी चालवत फिरायचं. सुनंदाबाईंनाही जायचं होतं. लहानपणी सर्कशीत साखळीतला हत्ती पाहिला होता. तो मोकळा चालताना कसा दिसतो, एवढं एकदा बघायचं होतं. पण यांच्या हातात स्टिअरिंग?

"डॅड, जस्ट टेक द बस टूर," अनुप म्हणाला.

शेवटी सुनंदाबाईंनीच अट घातली. तासाभराच्या अंतरावर आफ्रिकेतल्या प्राण्यांचं पार्क होतं. आपल्या गाडीत बसूनच फिरायचं. "तिथे एक फेरी मारा. काच खाली न करता बाहेर आलात, तर आफ्रिकेत मी तुमच्या गाडीत. नाहीतर आपण दोघंही बसमध्ये."

जायचं ठरलं तो शनिवार नेमका दसऱ्याचा निघाला. सतरा सालची गोष्ट. सकाळी गुरुदत्तांनी गाडी धुतली, पूजा केली, आणि परसातल्या झेंडूचा जाडजूड हार टपावरच्या दांड्यांना बांधला.

"अहो, हा हार काढा. जनावरांत चाललोय आपण."

"दसऱ्याला कोणी गाडीचा हार काढतं का? आणि मी वाचलंय सगळं. काच बंद, वेग कमी, हॉर्न नाही. हाराबद्दल एक अक्षर नाही."

"हार घालून येणारा कोणी भेटला नसेल त्यांना!"

सिंहांचं कुंपण सुखरूप पार पडलं. सिंह झोपलेलेच होते. पुढे उघडं माळरान लागलं, सप्टेंबरच्या उन्हात पिवळं पडलेलं, आणि त्यावर जिराफ असे संथ चालत होते की सुनंदाबाई चिडायचंही विसरल्या. मग त्यातला एक वळला. गाडीपाशी आला, मान खाली घातली, आणि टपावर खरखर ऐकू आली. झेंडू निघाला.

समोर झेब्रे आडवे. मागे गाड्यांची रांग.

"थांबा. काही करू नका," सुनंदाबाई म्हणाल्या.

"अगं, सणाचा हार आहे!"

"खाऊ दे त्याला!"

पण गुरुदत्तांचं बालपण मिरजेजवळ म्हशींमागे गेलं होतं. त्यांनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि ओरडले, "हट्! हट् म्हणतो ना!"

जिराफानं शांतपणे तोंड खाली आणलं. हातभर काळी जीभ गुरुदत्तांच्या कपाळापासून चष्म्यावरून हनुवटीपर्यंत फिरली.

पार्कची जीप आली. "सर, विंडो! अँड नो फीडिंग!" आतली मुलगी ओरडली.

"आय ॲम नॉट फीडिंग! इट इज अ फेस्टिव्हल!"

बाहेरच्या पार्किंगमध्ये गाडी थांबली तेव्हा गुरुदत्तांनी किल्ली काढून बायकोपुढे धरली.

"बस म्हणजे बस," ते म्हणाले. "मी सांगतो अनुपला तिकिटं काढायला."

सुनंदाबाईंनी किल्ली घेतली. विनिपेगच्या बर्फातून तीस वर्षं त्यांनीही गाडी हाकली होती, आणि एकदाही वायर तोडली नव्हती. त्या माळरानावरची ती संथ चाल डोळ्यांपुढून हलत नव्हती. बसमध्ये चाळीस माणसांच्या खांद्यांवरून हत्ती बघायचा?

"बस नको. गाडीनंच जायचं," त्या म्हणाल्या. "चालवणार मी. तुम्ही शेजारी बसा आणि वाचा काय वाचायचंय ते. आधी तोंड धुऊन या."

हाराचा उरलेला दोरा गुंडाळत गुरुदत्त वॉशरूमकडे निघाले. सुनंदाबाई ड्रायव्हरच्या जागेवर सरकल्या, सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला वळवला. आरशात ते पाठमोरे चालले होते. कुंपणापलीकडून एक जिराफही तिकडेच बघत होता, तोंड हलवत.